वारशाने आलेल्या जुन्या हिऱ्याच्या अंगठीची रास्त किंमत कशी कळेल?

आजीची अंगठी वाटणीत तुमच्याकडे आली, दोन दुकानांत दाखवली आणि एकाने दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आकडा सांगितला, तर खरा कोणता, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही खरे असू शकतात. विम्यासाठी धरतात ती किंमत म्हणजे तशीच अंगठी आज दुकानातून घ्यायला लागणारे पैसे. ती सगळ्यात जास्त. भावंडांत वाटणी करताना धरायची ती बाजारमूल्याची, म्हणजे घाई नसलेला विकणारा आणि जाणकार घेणारा जिथे सहमत होतील ती. आणि आज काउंटरवर हातात मिळणारी रक्कम सगळ्यात कमी, कारण घेणाऱ्याला ती पुढे विकायची असते. म्हणून 'किती होतील?' याआधी 'कशासाठी?' हे तुम्ही ठरवा आणि अहवालावर तो हेतू लिहून घ्या. विम्याचा आकडा धरून भावंडाचा हिस्सा काढला, तर ज्याच्याकडे अंगठी राहते त्याच्यावर अन्याय होतो.

मूल्यांकन करणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नको. फी ठरावीक किंवा तासावर असावी. किमतीच्या टक्क्यावर फी मागणाऱ्याकडे जाऊ नका, कारण आकडा फुगवण्यात त्याचा फायदा आहे. रत्नशास्त्राचं शिक्षण कुठे झालं आणि जुन्या घाटाचे, म्हणजे जुन्या पद्धतीने पैलू पाडलेले, हिरे नेहमी हाताळता का, हे दोन प्रश्न सरळ विचारा. दुसरा जास्त महत्त्वाचा.

जाण्याआधी अंगठीला पॉलिश करू नका, माप बदलू नका. वेढ्याच्या आतल्या बाजूला ७५० (१८ कॅरेट सोनं), ५८५ (१४ कॅरेट), ९५० (प्लॅटिनम) असे शिक्के किंवा कारागिराची खूण असू शकते. माप बदलताना नेमका तोच तुकडा कापला जाऊ शकतो. जुनी पावती, कुणाच्या हातात ती अंगठी दिसते असा फोटो, जे असेल ते सोबत न्या.

तिथे पहिला प्रश्न: हिरा आहे का? वाफ सोडून पाहणं, काचेवर ओरखडा काढणं या घरगुती परीक्षांनी काही सिद्ध होत नाही. काच नीलमही कापतो आणि हिऱ्याची कड मात्र टवका उडून जाऊ शकते. खड्यातून उष्णता किती लवकर वाहते ते पाहणाऱ्या चाचणीच्या पेनवर मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही हिरा म्हणून पास होतो आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर हिराच असतो. अंगठी जुनी म्हणून खडा जुनाच, असं धरू नका. मधल्या काळात खडा बदललेला असू शकतो.

आता घाट. जुने हिरे हाताने घडवलेले. वरचा सपाट पैलू लहान, माथा उंच, आणि सरळ वरून भिंगातून पाहिलं की मधोमध एक छोटं वर्तुळ दिसतं, कारण खालचं टोक सपाट छाटलेलं असतं. आजच्या घाटाच्या फूटपट्टीने मोजलं तर यात दोषच दोष सापडतील. काही खरेदीदार 'पुन्हा घडवल्यावर उरेल ते वजन' धरून भाव सांगतात. तुम्हाला कमी आकडा सांगितला गेला त्याचं हे एक कारण असू शकतं, तेव्हा तसं विचाराच. जुन्या घाटाला स्वतःचे ग्राहक आहेत आणि एकदा पैलू बदलले की तो घाट परत येत नाही.

खडा बसवलेला असताना वजन हा अंदाजच असतो. गोल घाटासाठी व्यास × व्यास × खोली × ०.००६१ (मापं मिलिमीटरमध्ये) केलं की वजन कॅरेटमध्ये येतं (हे कॅरेट वजनाचं, सोन्याच्या शुद्धतेचं नव्हे). व्यास ६.५ आणि खोली ४.० धरली तर १.०३ कॅरेट, खोली ३.८ निघाली तर ०.९८. दोन दशांश मिलिमीटरचा हा फरक, पण पूर्ण एका कॅरेटला प्रतिकॅरेट दरच उडी मारतो. मागून बंद असलेल्या बैठकीत तर खोली धड मोजताच येत नाही. रंगाचंही तसंच: पिवळं सोनं खड्यात उतरतं, म्हणून प्रामाणिक अहवालात एकच अक्षर न देता 'जी ते आय' असा रंगाच्या श्रेणींचा पट्टा लिहिलेला असतो. बसवलेल्या खड्याला ठामपणे एकच ग्रेड दिली असेल तर मला शंका येते.

नेमकं हवं असेल तर खडा काढून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. जीआयए ही हिरे तपासणारी अमेरिकी संस्था प्रतवारीचा अहवाल सुट्या हिऱ्यालाच देते. मात्र लहान खड्यासाठी हा खटाटोप करू नये असं मला वाटतं. खडा धरून ठेवणाऱ्या झिजलेल्या नख्या उचलताना मोडू शकतात, आणि जुन्या हिऱ्याची कड पातळ असली तर तीही उडते. काढायचाच तर आधी नख्या भिंगाखाली तपासून घ्या. हिऱ्यातल्या भेगा काचेसारख्या द्रव्याने भरलेल्या नाहीत ना, हेही बघा. हिरा हलवला की भेगेत निळी-जांभळी किंवा नारिंगी चमक उठते, ती खूण. अशा खड्याजवळ सोनं जोडायला डाग द्यायची ज्योत गेली तर भरण खराब होतं.

अंगठी ठेवून यायची वेळ आली तर आधी तुमच्यासमोर तिचं वजन, खड्याची मापं आणि भिंगातून दिसणाऱ्या डागांची जागा पावतीवर लिहून घ्या. परत घेताना त्याच भिंगातून तेच डाग शोधा.