नवा कॅमेरा, पहिला पावसाळा

कॅमेरा घेतलास, झकास! आता आणखी लेन्सच्या मागे लागू नको. सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स वर्षभर पुरते.

फोंतेन्यासला, पणजीच्या जुन्या वस्तीत, जायचं तर सकाळी साडेसातच्या आत. दुपारच्या उन्हात त्या पिवळ्या-निळ्या भिंती फिक्या पडतात, वर प्रत्येक चौकटीत स्कूटर. आणि हो, ती घरं राहती आहेत. कुणाच्या बाल्कांवावर (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसण्याआधी घरच्यांना विचार.

पणजीच्या पांढऱ्या चर्चपाशी सगळेच फसतात. कॅमेऱ्याला पांढरं झेपत नाही, भिंत राखाडी येते. एक्स्पोजर एक स्टॉप वाढव, म्हणजे प्रकाश दुप्पट.

मोलेच्या बाजूला, दूधसागर धबधब्याकडे, दोन गोष्टी सांभाळ:
- एसी गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा पंधरा मिनिटं बॅगेतच राहू दे. मी घाईत शर्टाने पुसली होती. ओरखडा अजून आहे.
- दूधसागर ३१० मीटरचा, पण नुसतं पाणी टिपलं तर नळाची धार वाटते. पुलावरची रेल्वे चौकटीत आली की उंची कळते. त्यासाठी रुळांवर मात्र उतरायचं नाही.

रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल), फिल्टर वगैरे दिवाळीनंतर बघू. आधी पाचशे फोटो काढ, त्यातले दहाच ठेव.