इराकी कुर्दिस्तानात सावकाश फिरण्यासाठी मार्ग कसा आखावा

आपण आणि आपल्या पत्नी, दोघेही निवृत्त, सुमारे अडीच आठवडे हाताशी, आणि यादीत एर्बिल, सुलेमानिया, दोहुक यांच्याबरोबर तुर्कस्तानातील दियारबाकर आणि मार्दिनही. घाई नको, असेही आपण लिहिले आहे. ही यादी आणि ही अट एकत्र नांदणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. कुर्दी प्रदेश तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया अशा चार देशांत विभागलेला आहे. इराक-तुर्कस्तान सीमेवरील इब्राहिम खलील नाका ओलांडण्यात अर्धा दिवस सहज जाऊ शकतो आणि व्हिसाची कटकट दुप्पट होते. म्हणून या खेपेस केवळ इराकी कुर्दिस्तान, म्हणजे इराकच्या उत्तरेकडील स्वतःचे सरकार असलेला स्वायत्त कुर्दी प्रदेश, घ्यावे आणि तुर्कस्तानाकडील शहरे स्वतंत्र प्रवासासाठी राखून ठेवावीत.

ऋतूचे बोलायचे तर एप्रिल ते मेचा मध्य किंवा मग ऑक्टोबर. उन्हाळ्यात एर्बिलच्या मैदानात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो आणि हिवाळ्यात उंचावरील रस्ते बर्फाने अडतात. २१ मार्चच्या नवरोजचा, म्हणजे कुर्दी नववर्षाचा, मोह अनेकांना होतो. आदल्या संध्याकाळी अक्रे गावात शेकडो मशाली घेऊन डोंगर चढणारे लोक पाहणे हा विलक्षण अनुभव असतो, पण त्या दिवसांत राहण्याची जागा मिळणे कठीण आणि रस्ते वाहनांनी भरलेले. सावकाशीचा प्रवास हवा असेल तर नवरोज उलटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी निघावे. डोंगर तेव्हाही हिरवेच असतात.

एर्बिलला दोन रात्री पुरेत. शहराच्या मध्यभागी उंच टेकाडावर बसलेला किल्ला २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. माणसांची सलग वस्ती असलेल्या जगातील सर्वांत जुन्या ठिकाणांत त्याची गणना होते, कारण मुळात हे टेकाडच हजारो वर्षांच्या वस्त्यांच्या थरांवर थर साचून तयार झालेले आहे. आतील गालिचे आणि विणकामाचे संग्रहालय पाहावे, खाली उतरून कैसरी बाजारात फिरावे आणि संध्याकाळी कारंज्यांच्या चौकात बसावे. एर्बिलचा उरलेला भाग म्हणजे रुंद वर्तुळाकार रस्ते, मॉल आणि नव्या इमारती. त्यासाठी दिवस खर्चू नयेत.

वाचवलेले दिवस सुलेमानियाला द्यावेत. तेथे किमान चार रात्री राहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. १७८४ मध्ये बाबान घराण्याने वसवलेले हे शहर कुर्दी साहित्याचे आणि छपाईचे केंद्र राहिले आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला साहित्यनगरीचा दर्जा दिला. येथील चहाखान्यांत दुपारभर बसून वाचणारी, वाद घालणारी, डाव मांडणारी माणसे दिसतात आणि परक्या पाहुण्याला चहाचे पैसे अनेकदा देऊच दिले जात नाहीत. पुराणवस्तू संग्रहालयात गिल्गमेशच्या प्राचीन मेसोपोटेमियन महाकाव्याची एक मृत्तिकापट्टिका आहे. तिच्यावरील मजकुराने पाचव्या सर्गातील काही हरवलेल्या ओळी भरून काढल्या. अम्ना सुराका हे सद्दामच्या काळातील गुप्तचर विभागाचे कार्यालय आणि तुरुंग होते, ते १९९१ च्या उठावात पेशमर्गांनी, म्हणजे कुर्दी सैनिकांनी, ताब्यात घेतले. गोळ्यांनी चाळण झालेल्या त्याच इमारतीत आज संग्रहालय आहे. प्रवेशमार्गाच्या भिंतींवर आरशाचे १,८२,००० तुकडे आणि छतावर ४,५०० दिवे लावलेले आहेत. कुर्दी बाजूच्या गणनेनुसार अनफाल या सद्दाम राजवटीच्या कुर्दांविरुद्धच्या लष्करी मोहिमेत मारली गेलेली माणसे आणि उद्ध्वस्त झालेली गावे यांचे ते आकडे आहेत. हे संग्रहालय आणि हलबजा शहर एकाच दिवशी पाहू नयेत. १६ मार्च १९८८ रोजी हलबजावर सद्दामच्या फौजेने केलेल्या रासायनिक हल्ल्यात सुमारे पाच हजार माणसे मेली. तेथील स्मारक पाहून परतल्यावर संध्याकाळ मोकळी असलेली बरी.

एर्बिलहून सुलेमानियाला जाण्याविषयी थोडे तपशिलाने लिहितो, कारण नवखा प्रवासी नेमका येथे अडकतो. गराजमधून, म्हणजे टॅक्सीतळावरून, सुटणाऱ्या सामायिक टॅक्सी आपल्याकडच्या वडापप्रमाणे सीटा भरल्यावर निघतात. त्यांच्यासमोर दोन मार्ग असतात: एक किर्कुकवरून आणि दुसरा कोया व दुकानवरून. किर्कुक २०१७ च्या ऑक्टोबरपासून बगदादच्या केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. आपल्याजवळ फक्त कुर्दिस्तान सरकारचा व्हिसा असेल, तर तो तेथे चालत नाही आणि चौकीवरून परत पाठवले जाण्याची शक्यता असते. म्हणून गाडीत बसण्यापूर्वीच ‘कोया-दुकान’ असे चालकाकडून वदवून घ्यावे. एर्बिल ते दोहुक प्रवासातही मोसुलचा रस्ता टाळण्याबाबत हीच दक्षता घ्यावी. चौक्या जागोजागी आहेत. पारपत्र वरच्या खिशात ठेवावे आणि चौकीची वा सैनिकांची छायाचित्रे घेऊ नयेत.

सुलेमानियाहून पुढच्या डोंगरी टप्प्यासाठी मात्र चालकासह गाडी ठरवावी. दुकान आणि रानियाच्या बाजूने रवांदूझला यावे आणि सोरान परिसरात तीन रात्री राहावे. येथील घळीतून जाणारा रस्ता १९२८ ते १९३२ या काळात न्यूझीलंडचे अभियंता हॅमिल्टन यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. मुख्य वाहतूक आता इतर रस्त्यांनीही होत असल्यामुळे जुन्या भागात थांबत थांबत जाता येते. गली अली बेगचा धबधबा पाच हजार दिनारच्या नोटेवर आहे, आणि बहुधा म्हणूनच तेथे नेहमी गर्दी असते; शुक्रवारी तर तिकडे फिरकूच नये. शुक्रवारी सारे कुर्दिस्तान चटया, शेगड्या आणि चहाच्या किटल्या घेऊन डोंगरात उतरते. त्या दिवशी आपणही एखाद्या साध्या ओढ्याकाठी बसावे. शेजारचे कुटुंब जेवायला बोलावण्याची शक्यता दाट असते. शनिदर गुहा याच पट्ट्यात आहे. १९५० च्या दशकात राल्फ सोलेकी यांना तेथे निअँडरथल मानवांचे सांगाडे सापडले. इराणच्या सीमेलगतच्या उतारांवर जुने भूसुरुंग अजूनही आहेत, त्यामुळे पायवाट सोडून आणि वाटाड्याशिवाय चालू नये.

तेथून अक्रेला एक रात्र, अमेदीला दोन. अमेदी हे सपाट माथ्याच्या उभ्या खडकावर वसलेले छोटे गाव तासाभरात पायी पाहून होते, आणि उरलेल्या वेळात समोरच्या डोंगररांगांकडे पाहण्याशिवाय फारसे काही करायचे नसते. आपल्याला हवी असलेली सावकाशी ती हीच. दोहुक मला स्वतःला फारसे भावले नाही, पण लालिशसाठी मुक्काम सोयीचा आहे. लालिश हे यझिदींचे, म्हणजे स्वतःचा वेगळा धर्म पाळणाऱ्या येथील अल्पसंख्य समाजाचे, सर्वांत पवित्र स्थान असून त्यांचे संत शेख अदी यांची समाधी तेथे आहे. संपूर्ण परिसरात अनवाणी फिरावे लागते आणि उंबरठ्यावर पाय न देता तो ओलांडावा लागतो. आपल्या घरांतील वळण येथे आपोआप उपयोगी पडते. २०१४ मध्ये सिंजार भागात ‘इस्लामिक स्टेट’च्या हल्ल्यात या समाजावर काय ओढवले ते आधी वाचून जावे आणि तेथील लोकांना त्याविषयी कुतूहलापोटी विचारू नये.

आपण शाकाहारी असल्याचे लिहिले आहे. डाळीचे सूप, टोमॅटोतील घेवडा आणि भात, ताजी रोटी, चीज, मध, अक्रोड आणि ‘मास्ताव’ नावाचे ताक एवढ्यावर निभावते. मात्र भाजी मटणाच्या रश्श्यात शिजवलेली नाही ना, हे विचारून घ्यावे.

सुरक्षिततेबाबत शहरांतील रोजचा वावर निर्धास्त वाटतो, पण तेवढ्यावर विसंबू नये. एर्बिलवर २०२२ आणि २०२४ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे पडली आणि जुलै २०२२ मध्ये झाखोजवळच्या पर्यटनस्थळावरील तोफमाऱ्यात सहलीला आलेले लोक मेले. त्यामुळे दोहुकच्या उत्तरेकडील सीमाभाग वगळावा, तिकिटे काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात, आणि बदलता येण्याजोगीच तिकिटे घ्यावीत. भारताचा वाणिज्य दूतावास एर्बिलमध्ये आहे. पोहोचण्यापूर्वीच त्याचे क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये असू द्यावेत. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा भारतीय पारपत्रधारकांसाठी त्या वेळी काय लागू आहे ते अधिकृत संकेतस्थळावरच पाहावे. कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही. शंभर डॉलरच्या नव्या, न मळलेल्या नोटा न्याव्यात आणि त्या बाजारातील चलन बदलून देणाऱ्यांकडे थोड्या थोड्या मोडाव्यात.