‘स्वनातीत’ की ‘श्राव्यातीत’? आणि तेलापासून डिझेल नेमकं कोण करतं?

प्रश्न असा आला आहे : ‘स्वनातीत लहरींनी वनस्पती तेलाचे बायोडिझेल’ हे वाक्य बरोबर आहे का? अल्ट्रासाउंडला मराठीत काय म्हणावं?

‘स्वनातीत’ इथे चालणार नाही. हा शब्द वेगाचा आहे. आवाजापेक्षा वेगानं उडणारं कॉन्कॉर्ड विमान स्वनातीत होतं. अल्ट्रासाउंड इतर आवाजाच्याच वेगानं जातो, त्याची वारंवारता तेवढी जास्त असते. सेकंदाला २०,००० कंपनांच्या वरचं माणसाला ऐकू येत नाही, म्हणून तो ‘श्राव्यातीत ध्वनी’. आपल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत हाच शब्द आहे आणि तो अगदी नेमका आहे. हिंदीतला ‘पराश्रव्य’ उसना आणायची गरज नाही. काहीजण ‘सोनोग्राफीच्या लहरी’ असं लिहितात, तेही टाळावं. सोनोग्राफी म्हणजे ध्वनीनं काढलेलं चित्र, आणि तिथली वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये असते. बायोडिझेलसाठी बहुधा २० ते ४० किलोहर्ट्झच वापरतात.

मला जास्त खटकतो तो ‘लहरींनी’मधला ‘नी’. तृतीयेचा हा प्रत्यय कर्त्यालाही लागतो आणि साधनालाही. वाक्यात दुसरा कर्ता दिसत नसला की सगळं श्रेय लहरींना जातं. प्रत्यक्षात तेल बदलतं ते मेथॅनॉलमुळे. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं. मेथॅनॉल ती एकेक करून सोडवतं आणि स्वतःशी जोडून घेतं. असे तयार झालेले मिथिल एस्टर म्हणजेच बायोडिझेल. सोबतीला कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश लागतो, तेलाच्या वजनाच्या एखादा टक्का. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो मेथॅनॉल खर्ची पडतं.

मग ध्वनी काय करतो? बीकरमध्ये तेल आणि मेथॅनॉल ओतून बघा. मेथॅनॉल हलकं, ते वर तरंगतं. तेल खाली राहतं. मध्ये स्वच्छ रेघ. दोघांची गाठ पडते ती त्या रेघेवरच. म्हणून नेहमीच्या पद्धतीत ६० अंशांच्या आसपास तापवून तासभर ढवळत बसावं लागतं. श्राव्यातीत ध्वनीचा प्रोब, म्हणजे तो ध्वनी सोडणारी धातूची कांडी, त्यात बुडवला की द्रवात असंख्य बारीक बुडबुडे उमटतात, फुगतात आणि क्षणात मिटतात. मिटताना बसणाऱ्या धक्क्यांनी रेघ मोडते, एका द्रवाचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात पसरतात आणि मिश्रण दुधाळ दिसू लागतं. अशा मिश्रणाला आपल्याकडे ‘पायस’ म्हणतात. पयस् म्हणजे दूध, त्यावरून आलेला हा फार सुंदर शब्द आहे. थेंब बारीक झाले की भेटीची जागा वाढते आणि तासाचं काम मिनिटांवर येतं.

या मिटणाऱ्या बुडबुड्यांच्या आत तापमान हजारो अंशांवर जातं. तेव्हा रसायनही तेच घडवतात की काय, अशी शंका येणं साहजिक आहे. आयआयटी गुवाहाटीत विजयानंद मोहोळकर आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा की इथला फायदा मिसळण्याचा आहे, बुडबुड्यांच्या रसायनाचा वाटा नगण्य. म्हणजे व्याकरणानं घेतलेली हरकत प्रयोगशाळेतही टिकते. शिवाय तळणाच्या जुन्या तेलात ग्लिसरीनपासून सुटलेलं मुक्त मेदाम्ल जास्त असेल, तर कॉस्टिक घालताच साबण होतो. ध्वनी कितीही सोडला तरी तो टळत नाही. आधी आम्ल कमी करावंच लागतं.

या क्रियेला ‘घुसळणे’ म्हणायचा मोह होतो. पण ताक घुसळतो ते लोणी वेगळं काढायला. इथे वेगळे असलेले द्रव एकजीव करायचे आहेत. ‘फेटणे’ जास्त जवळचं. बुडबुडे उमटून मिटण्याच्या क्रियेला मात्र कॅव्हिटेशनच म्हणावं. पंपाच्या पात्यांना खड्डे पाडणारी क्रिया हीच, आणि पंपवाल्यांच्या तोंडी हाच शब्द आहे. शिवाय ती ध्वनीशिवायही घडवता येते. मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी द्रव अरुंद छिद्रातून जोरानं सोडून ती घडवली आणि बायोडिझेलसाठीही वापरून पाहिली. त्यामुळे तिच्या नावात ध्वनी घुसडू नये.

वाक्य मी असं लिहीन : ‘श्राव्यातीत ध्वनीच्या मदतीने वनस्पती तेलापासून बायोडिझेल’. ‘तेलाचे’ म्हटलं की अख्खं तेल डिझेल झालं असं वाटतं. भांड्याच्या तळाशी ग्लिसरीन उरतं, म्हणून ‘तेलापासून’.