टाक्यातला गाळ, तोंडी होकार आणि आमचे वाया गेलेले दोन उन्हाळे

‘वनरक्षक म्हणाले करा हो, पुण्याचं काम आहे. ग्रामपंचायतीचा ठरावही झालाय. मग येत्या रविवारपासून गडावरचं टाकं उपसायला घेऊ का?’ हे तुमचं वाचलं आणि आमचा जुना ग्रुपच डोळ्यांसमोर आला. शब्दसुद्धा जवळपास तेच.

घमेली, फावडी, दोर, माणसं तुम्ही जमवालच, त्यावर लिहीत नाही.

आमचा किल्ला लहान, नाव मुद्दाम देत नाही. असाच तोंडी होकार घेऊन मार्चात सुरुवात केली. पाच रविवार राबून कातळातलं टाकं कमरेइतकं मोकळं केलं. गाळ लांब न्यायचा कंटाळा, म्हणून काठावरच ढीग, ‘नंतर हलवू’. सहाव्या रविवारी पायथ्यालाच अडवलं. किल्ला राज्य संरक्षित आहे, लेखी परवानगी दाखवा. काम थांबलं आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात तो सगळा ढीग परत टाक्यात.

मग अर्ज. एका कार्यालयात (कुठलं ते विचारू नका) कारकून म्हणाले, ठेवून जा, साहेब दौऱ्यावर आहेत. आम्ही ठेवून आलो. पुढच्या खेपेला ‘हा किल्ला आमच्याकडे नाहीच, वनखात्यात जा’. वनखातं म्हणे जमीन आमची, बांधकाम त्यांचं. पुन्हा पहिल्या दारात, तर अर्जच सापडेना. आणि आमच्याकडे पोच नव्हती! दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायला दोन मिनिटं लागली असती. पोच असती तर माहिती अधिकारात विचारता तरी आलं असतं की अर्जाचं काय केलंत. कागदच नाही म्हटल्यावर कशाच्या जोरावर भांडणार? दुसरा उन्हाळा त्यातच गेला. कार्यालयाला शिव्या घालून झाल्या, पण पोच न घेणारे आम्हीच.

म्हणून रविवारचं रद्द करा. आधी सातबारा काढा, जमीन कोणाची ते कळेल. मग संरक्षणाची अधिसूचना शोधा: प्राचीन स्मारकांचा केंद्राचा १९५८चा कायदा लागू आहे, राज्याचा १९६०चा, की दोन्ही नाहीत. अंदाज बांधू नका. २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांतसुद्धा रायगड, लोहगड, शिवनेरी केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर राजगड, साल्हेर, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. गावकऱ्यांना विचाराल तर सगळेच ‘सरकारचे’. मी वकील नाही, नियम बदलले असतील तर तिथेच विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर टाकं उपसणं ही साफसफाई नव्हेच, ते एक प्रकारचं उत्खनन आहे. गाळात खापरं, तोफगोळे, कधी मूर्तीचा तुकडा निघतो, आणि तो किती खोलीवर होता हे फावड्याच्या एका फटक्यात कायमचं पुसलं जातं. जाणकार माणूस हजर असेल तरच हात घाला. जमिनीत गाडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तो कायदा १८७८चा, म्हणून रक्कम अशी हास्यास्पद. मूर्ती देवळात नेऊन ऑइलपेंट फासणाऱ्यांबद्दल मी इथे न लिहिलेलंच बरं.

तुम्ही टाकलेल्या फोटोत तटाला सिमेंट लावलेलं दिसतंय. तुम्ही केलं असेल तर पुढचं थांबवा. चुन्यातली भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आत कोंडतं आणि मग दगडच झडायला लागतो. तटातला पिंपळही मुळासकट ओढू नका, मुळांबरोबर चिरे येतात.

आणि सुटे दगड हाताने उलटू नका, खाली फुरसं (छोटा विषारी साप) असतं. आमच्यातल्या एकाचं थोडक्यात निभावलं. आग्या मोहोळ जवळ असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

सातबारा हातात आला की गट नंबर झाकून इथे टाका. अर्जाचा मसुदा करून देतो. दोन प्रती काढायच्या.