'इंजेस्ट'ला मराठीत काय म्हणावे?

दादरच्या एका ग्रंथालयात जुनी पुस्तके स्कॅन करून डीस्पेसवर, म्हणजे डिजिटल संग्रह सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीवर, आणण्याचे काम सुरू आहे. तिथल्या ताईंचा प्रश्न असा : कर्मचाऱ्यांसाठीच्या सूचनापत्रकात 'इंजेस्ट'ला, म्हणजे फाइल आणि तिची माहिती संग्रहात घेण्याला, 'अंतर्ग्रहण' लिहिले तर चालेल का?

ताई, नका लिहू. तुमच्याकडे 'दाखल करणे' आहे. नवे पुस्तक आले की त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते, त्याला दाखल क्रमांक मिळतो. शब्द मूळचा अरबी, पण मराठीत तो पूर्ण मुरला आहे. मूल शाळेत दाखल होते, दावा कोर्टात दाखल होतो. या वापरांत नुसते आत जाणे नाही, नोंद होऊन आत जाणे आहे. केईएमच्या ओपीडीत बसलेला माणूस रुग्णालयात असतो, पण दाखल नसतो.

डीस्पेसमध्येही हाच भेद आहे. फाइल आणि माहिती भरून पाठवली की ती 'सादर' झाली. तपासणीचा टप्पा ठेवला असेल, तर मंजुरीनंतरच ती संग्रहात जाते आणि तिला हँडल, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. तेव्हा ती 'दाखल' झाली. फाइल नुसती सर्व्हरवर टाकणे म्हणजे 'चढवणे'. शेकडो नोंदी एकदम आणायच्या तर 'घाऊक आयात'.

'मेटाडेटा', म्हणजे शीर्षक, लेखक, तारीख अशी पुस्तकाविषयीची माहिती, हा शब्द तसाच ठेवा, सगळ्यांना कळतो. मला काळजी वाटते ती त्यात काय भरले जाईल याची. मुखपृष्ठावर 'शके 1820' असते. डब्लिन कोअर या मेटाडेटाच्या प्रमाण आराखड्यातल्या 15 घटकांत तारखेचा एक आहे. तिथे इसवी सन न लिहिता नुसते 1820 टाकले, तर पुस्तक 78 वर्षांनी जुने ठरते. शकात 78 मिळवून 1898 लिहावे. मात्र माघ-फाल्गुनातली छपाई असेल तर 1899. मूळ शकही टिपेत ठेवावा, कारण वाचकाच्या हातातल्या प्रतीवर तोच असतो. 'निर्णयसागर छापखान्यांत छापिलें' एवढेच लिहिले असेल, तर निर्णयसागरला प्रकाशकाच्या रकान्यात बसवू नका. तो मुद्रक आहे.

शीर्षकाचेही तसेच. 1962च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांवर 'इतिहासांतील' असे अनुस्वार सर्रास दिसतात. ते छापले आहे तसेच उतरवा आणि पर्यायी शीर्षकात 'इतिहासातील' हे आजचे रूप द्या. नाहीतर आजच्या लेखनाने शोधणाऱ्याला ते पुस्तक सापडेलच असे नाही.