रेडिस क्लस्टरचे बेंचमार्कचे आकडे चांगले आलेत, आता रिलीज करायला हरकत नाही ना?

रेडिस म्हणजे डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस. तुमचा तीन मास्टर (राइट घेणारे नोड), तीन रेप्लिका (त्यांच्या प्रती ठेवणारे नोड) असा क्लस्टर आहे, रेडिस-बेंचमार्क (रेडिसचा वेग मोजायचं टूल) चालवलं आणि आकडे भारी आले असं लिहिलंय तुम्ही. माझं मत विचाराल तर अजून थांबा. हे टूल नुसतं चालवलं की डेटा ३ बाइटचा आणि क्लायंट ५०, आणि -आर (रँडम की) ऑप्शन दिला नाही तर की (key, ज्या नावाने डेटा ठेवतात ते) पण त्याच त्याच, म्हणजे मेमरी जवळजवळ रिकामीच राहते, आणि रिकामा रेडिस सगळ्यांचाच पळतो.

आधी प्रॉडक्शनइतका डेटा भरा, त्याच साइजच्या व्हॅल्यू, टीटीएल (डेटा किती वेळाने आपोआप पुसायचा ते) पण तसेच. दुसरं म्हणजे रिक्वेस्ट ठरलेल्या रेटने सोडा. बेंचमार्क टूल उत्तर आल्याशिवाय त्या कनेक्शनवर पुढची रिक्वेस्टच पाठवत नाही, सर्व्हर दोन सेकंद अडकला तर तेही गप्प बसतं आणि पी९९ (९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत संपतात तो आकडा) छान दिसतो. खरे युजर असे थांबत नाहीत हो, ते येतच राहतात.

आता मुख्य काम. लोड चालू असतानाच एक मास्टर पाडा, आणि नुसतं किल -९ नको, किल -स्टॉप (प्रोसेस न मारता गोठवणं) पण करून बघा. -९ मारलं की प्रोसेस मरते, सॉकेट बंद होतात, क्लायंटला लगेच एरर मिळते. -स्टॉपमध्ये कनेक्शन जिवंत दिसतं पण उत्तर काही येत नाही, आणि क्लस्टर-नोड-टाइमआउट (नोड पडला असं मानण्याआधी किती थांबायचं ते) डिफॉल्टला १५ सेकंद असल्यामुळे तेवढा वेळ तरी फेलओव्हर (रेप्लिकाला मास्टर बनवणं) सुरूच होत नाही, तोवर अ‍ॅपचे थ्रेड एकेक करून त्या शार्डवर (एक मास्टर आणि त्याची रेप्लिका सांभाळते तो डेटाचा भाग) अडकत जातात आणि मग ज्या दोन शार्डना काहीच झालेलं नाही त्यांच्या रिक्वेस्टही रखडतात. क्लायंटचा टाइमआउट किती ठेवायचा हे इथेच कळतं, मी तरी ही टेस्ट झाल्याशिवाय कुठल्याही क्लस्टरला हो म्हणत नाही.

पाडलेला नोड लोड चालू असतानाच परत आणा. रेप्लिकेशन बॅकलॉग (रेप्लिकासाठी मास्टरने जपलेले अलीकडचे राइट) डिफॉल्टला फक्त १ एमबी, त्यामुळे राइट जास्त असतील तर फुल सिंक (सगळा डेटा नव्याने पाठवणं) होणारच, त्यासाठी मास्टर फोर्क करतो म्हणजे स्वतःची दुसरी प्रोसेस काढतो, कॉपी-ऑन-राइटने (बदललेल्या डेटाची वेगळी प्रत बनल्याने) मेमरी वर चढते. रेप्लिकाचा आउटपुट बफर (रेप्लिकाला पाठवायचा बाकी डेटा) २५६ एमबीच्या वर गेला तर कनेक्शन तुटतं आणि सिंक परत पहिल्यापासून. हे चक्र तासभर चालू राहू शकतं, म्हणून नोडच्या रॅममध्ये मोकळी जागा ठेवूनच मॅक्समेमरी (रेडिसने डेटासाठी वापरायची मेमरीची मर्यादा) ठरवा.

शेवटचं, राइट हरवतात का ते मोजा. रेप्लिकेशन असिंक्रोनस आहे, म्हणजे मास्टर रेप्लिकापर्यंत राइट पोहोचायची वाट न बघताच ओके देतो, त्यामुळे ओके मिळालेला राइटही फेलओव्हरमध्ये जाऊ शकतो. प्रत्येक राइटला नंबर द्या, ओके आलेले नंबर क्लायंटकडे फाइलमध्ये लिहा, किल -९ च्या फेलओव्हरनंतर जुळवून बघा. निव्वळ कॅश असेल तर चार गेले तरी चालतील, पण कार्ट किंवा सेशन ठेवत असाल तर मिन-रेप्लिकाज-टू-राइट (किमान इतक्या रेप्लिका जोडलेल्या असतील तरच मास्टर राइट घेतो) १ करून सगळं पुन्हा चालवा. त्याने नुकसान कमी होतं, शून्य नाही होत.