जुना वस्तरा पुन्हा धारेवर आणताना

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्यातून आजोबांचा घडीचा वस्तरा निघाला. पात्याच्या बुडाशी 'झोलिंगेन' (चाकू-वस्तऱ्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) असे कोरले आहे. पात्यावर तांबूस गंज आणि धारेला दोन बारीक खाचे आहेत. इतवारीत चाकू-कात्रीला धार लावून देणाऱ्याकडे द्यावा का?

उत्तर : फिरत्या चाकावर तो अजिबात देऊ नका. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की चाकाला लागताच तापते. साधारण २०० अंश सेल्सिअस ओलांडले की पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरू लागते, आणि निळी झाक आली तर तेवढा भाग गेलाच. शिवाय वस्तऱ्याचा कोन पात्यातच बसवलेला असतो. पाठ ५ मिमी जाड आणि पाते १७ मिमी रुंद असेल, तर पाठ व धार दोन्ही दगडाला टेकवताच सुमारे १७ अंशांचा कोन आपोआप मिळतो. चाकावर पाठ टेकतच नाही.

आधी पाते उजेडात धरून घड्याळजीच्या भिंगातून पाहा. धारेतून पाठीकडे जाणारी केसासारखी चीर दिसली, तर तो आठवण म्हणून जपावा, गालाला लावू नये. अर्ध्या मिमीपर्यंतचे खाचे दगडावर निघतात. काळपट डाग निरुपद्रवी असतात, ते राहू द्या. तांबूस गंज मात्र जिवंत असतो, तो काढलाच पाहिजे.

त्यासाठी पाते लाकडी ठोकळ्यावर चिकटपट्टीने पक्के बसवा, म्हणजे काम करताना ते मिटणार नाही. शिवण मशीनचे तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांच्या स्टीलवूलने घासा. उरलेल्या गंजावर ६००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर तेलात बुडवून फिरवा. हात नेहमी पाठीकडून धारेकडे न्यावा, उलटा कधीच नाही. पात्यावर सोनेरी अक्षरे असतील तर तिथे ब्रासो लावू नका, मुलामा निघून जातो. मुठीच्या खिळ्यातही तेलाचा एक थेंब सोडा. तिथला गंज दिसत नाही आणि पाते उघडताना कुरकुर होते ती त्यामुळेच.

आता धार. निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, सपाट नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखा, जाड काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत त्यावर निसणा घासत राहा. मग १००० नंबरच्या निसण्यावर पाठ आणि धार एकाच वेळी टेकवून, धार पुढे ठेवून पाते सरकवा. परत येताना पाठीवरून पलटवा. पाते निसण्याच्या रुंदीहून लांब असेल तर बुडापासून टोकाकडे तिरके ओढत न्या. खाचे काढायला बरेच पोलाद घासावे लागते, म्हणून तेवढ्यापुरता पाठीवर इन्सुलेशन टेपचा एकच थर द्या. तो झिजला की बदला, नाहीतर दोन्ही बाजूंचा कोन सारखा राहत नाही.

धारेलगतच्या उतारावर काळा मार्कर फिरवा आणि चारपाच वेळा घासून पाहा. शाई जिथे उरेल तिथे दगड पोहोचलेला नाही. हा १००० चा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा. बुडापासून टोकापर्यंत धारेने मनगटावरचे केस अलगद निघेपर्यंत पुढे जाऊच नका. तास-दीड तास लागला तरी लागू द्या. पुढे ४००० वर २०–२५, ८००० वर २५–३० आणि १२००० वर १५–२० फेऱ्या पुरतात. प्रत्येक टप्प्यावर दाब कमी करत शेवटी पात्याचे वजन तेवढेच उरावे.

प्रश्न : ८००० च्या निसण्यावर शंभर फेऱ्या करूनही वस्तरा केस कापण्याऐवजी ओढतो. काय चुकते आहे?

उत्तर : बहुधा १००० वरच धार जुळलेली नाही. दोन्ही बाजूंचे उतार धारेशी भेटले नसतील, तर ८००० फक्त चकाकी देतो. दिव्याखाली धार वर करून पाहा. पांढरी रेघ किंवा ठिपके चमकले तर ती जागा बोथट आहे; पुन्हा १००० वर जा. चमक नसेल तर दोष निसण्यानंतर पाते ज्यावर फिरवतात त्या चामड्याच्या पट्ट्याचा. तो ढिला धरला की पाते त्यात रुतते आणि धार गोल होते. पट्टा ताणून धरा, पाठ पुढे ठेवा, पलटताना पाठ उचलू नका. पट्ट्याच्या कापडी बाजूवर ३०, चामड्यावर ६० फेऱ्या.

प्रश्न : पावसाळ्यात जपतो, तरी उन्हाळ्यात वस्तरा गंजतो. नागपुरात तर हवा कोरडी!

उत्तर : बाहेरची कोरडी, कूलरच्या खोलीतली नाही. वाळ्याच्या ओल्या पडद्यांतून येणारा वारा दमट असतो. वस्तरा त्या खोलीत ठेवू नका. दाढीनंतर धुऊन, पुसून, तासभर उघडा सुकवा, मग शिवण मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल नको, कालांतराने चिकट होते. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल आणि कापरासारखा उग्र वास येत असेल, तर गंजाचे मूळ तीच: कुजताना तिच्यातून आम्लधर्मी वाफ निघते. ती बदलावी लागेल, आणि तोवर तिला आगीपासून दूर ठेवा. सेल्युलॉइड भडकन पेटते.